मुहूर्ताची बरणी

फीड मिलमध्ये अठरा वर्षं काढलेल्या माणसाला दोन गोष्टी चिकटतात. एक भुसा आणि दुसरे किस्से. भुसा आंघोळीनं निघतो. किस्से कुठं निघतात! लग्नात जा, बारशाला जा, कुणीतरी गाठतंच, "सुमन, ते शेठचं सांग की." मग मी सांगते. लोक हसतात, मीही हसते, आणि घरी येऊन भांडी जरा जास्तच आपटते.

मी लॅबमध्ये होते. लातूरच्या एमआयडीसीत कोंबडीचं खाद्य बनवणारी एक मध्यम मिल. नाव सांगत नाही, सांगून काही उपयोगही नाही. आलेला मका तपासायचा, सोयाबीनची पेंड तपासायची, तयार खाद्य तपासायचं आणि रिपोर्टवर सही करायची, एवढं माझं काम. कोंबडीच्या खाण्यात तपासायचं काय, असं विचारणारे लोक मला भेटतात. त्यांना वाटतं कोंबडी काहीही खाते. मोठी कोंबडी खाते हो! पण आठ दिवसांच्या पिल्लाच्या पोटात चिमूटभर जागा असते. त्या जागेत दाणा गेला तर पिल्लू वाढतं. टरफल गेलं तर पोट भरतं आणि पिल्लू आहे तेवढंच राहतं. हे टरफल, कोंडा, भुसा, या सगळ्याला आमच्या धंद्यात फायबर म्हणतात. पिल्लांच्या पोत्यावर छापलेलंच असतं, क्रूड फायबर सात टक्क्यांच्या आत. माझी अठरा वर्षं त्या सातच्या आत गेली.

आमच्याकडं झाडलोट करायला गयाबाई होती. सगळे किस्से फिरून फिरून तिच्या पिल्लांपाशीच येतात, म्हणून तिचं नाव आधीच सांगून ठेवते. तिच्याकडं दोनशे पिल्लं होती, आणि गावातल्या नऊ बायकांचा तिच्यावर भरवसा होता. त्यातलं काय उरलं, ते ओघानं येईलच.

*

मुलाखतीला गेले तेव्हा मी नवी नवी एम.एस्सी. झालेली. हदगावकडची, घरातली पहिली नोकरीला निघालेली मुलगी. केबिनमध्ये शेठ बसलेले, शेजारी सेल्सचे जाधव. शेठनी तोंडात बडीशेप टाकली आणि विचारलं, फायबर म्हणजे काय?

मी सुरू झाले. सेल्युलोज, हेमिसेल्युलोज, लिग्निन. पाठच केलं होतं. शेठनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, बडीशेप चावून संपवली आणि म्हणाले, "मॅडम, एवढं लांब कामून जाता? फायबर म्हणजे जे पिल्लाला पचत न्हाई आणि आपल्याला पचतं."

जाधव टेबलावर हात मारून हसले. मीही हसले. नोकरी पाहिजे होती ना. तिथून जी हसायची सवय लागली ती पुढं अठरा वर्षं सुटली नाही.

*

फायबरची टेस्ट म्हणजे डोकेदुखी असते. खाद्य आधी आम्लात उकळायचं, मग कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळायचं, मग कापडातून गाळायचं. जे काही विरघळलं नाही ते वाळवायचं, वजन करायचं. मग ते भट्टीत जाळायचं आणि राहिलेली राख वजा करायची. दीड दिवस जातो एका सॅम्पलला.

एकदा भट्टीची कॉइल गेली. मी शेठना चिठ्ठी लिहिली, भट्टी दुरुस्त केल्याशिवाय रिपोर्ट देता येणार नाही. शेठ स्वतः लॅबमध्ये आले. विचारलं, राख किती निघते? म्हटलं, दर वेळी वेगळी. म्हणाले, पण साधारण? आणि मी मूर्खासारखा साधारण आकडा सांगितला. शेठनी तो एका चिठ्ठीवर लिहिला, भट्टीच्या दारावर चिकटवला, दर वेळी हाच वजा करा म्हणाले आणि निघून गेले. भट्टी बंद ती बंदच. आमचे मिक्सरवाले रज्जाकभाई त्यात जेवणाचा डबा ठेवायला लागले, कारण सगळ्या मिलमध्ये उंदीर न पोचणारी तेवढीच एक जागा होती.

मग एक मोठं गिऱ्हाईक आलं, खाद्य घेण्याआधी लॅब बघायला. साहेब हुशार होते. सगळं सोडून सरळ भट्टीपाशी गेले आणि दार उघडलं. आत स्टीलचा चार पुडांचा डबा, आणि मेथीचा वास. जाधवांनी एक क्षण जाऊ दिला नाही. "सर, आमच्याकडं स्टाफचं जेवणसुद्धा टेस्ट होतं," म्हणाले.

साहेब इतके हसले, इतके हसले की डोळे पुसत खुर्चीत बसले. चहा घेतला आणि ऑर्डर देऊन गेले. भट्टीबद्दल पुन्हा कुणी विचारलं नाही, ती पुढच्या वर्षी दुरुस्त झाली.

*

आता मुहूर्ताच्या बरणीचं सांगते. हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

खंडेनवमीला आपल्याकडं ज्याच्या त्याच्या हत्याराची पूजा असते. कुणी विळा-कोयता पुजतं, कुणी ट्रॅक्टर. आम्ही मिक्सर पुजायचो. आदल्या दिवशी तो धुऊन पुसून लख्ख करायचा. वर चढून हळद-कुंकू रज्जाकभाईच लावायचे, कारण त्या शिडीवर चढायची दुसऱ्या कुणाची हिंमत नव्हती. नारळ फुटला की पहिली बॅच निघायची. शेठचा नियम होता, या एका बॅचला काटेकोर फॉर्म्युला. पूर्ण मका, स्वच्छ पेंड, भुशाची एक मूठ नाही. म्हणायचे, देवापुढं खोटं चालत न्हाई. रज्जाकभाई तो माल हातात घेऊन वास घ्यायचे आणि मला म्हणायचे, "मॅडम, ये तो मैं खुद खा लूं."

त्या बॅचच्या पहिल्या पोत्याला हार घालायचे, आणि त्याच पोत्यातून मी पाच किलोची काचेची बरणी भरून फ्रीजमध्ये ठेवायची. ती मुहूर्ताची बरणी. त्यानंतर वर्षभर कुणीही येऊ दे, कुणीही रिपोर्ट मागू दे, सॅम्पल त्या बरणीतूनच जायचं. फायबर चार पूर्णांक आठ. दिवाळीला चार पूर्णांक आठ, उन्हाळ्यात चार पूर्णांक आठ. मका महागू दे, पेंड मिळेनाशी होऊ दे, आमचे चार पूर्णांक आठ हलत नव्हते.

एका गिऱ्हाइकानं एकदा कौतुक केलं. एवढा सारखा माल मी कुठं बघितला न्हाई, म्हणाले. शेठनी भिंतीवरच्या फोटोकडं बघून हात जोडले, "सगळी देवाची कृपा."

पहिल्या वर्षी मी विचारलं होतं, शेठ, हे बरोबर आहे का? ते रागावले नाहीत. उलट मायेनं म्हणाले, मॅडम, बरणीतलं खाद्य आपलंच हाय का दुसऱ्याचं? आपलंच होतं. मी बरणी फ्रीजमध्ये ठेवून दिली.

*

गयाबाई माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. औशाच्या रोडवरच्या एका खेड्यातून रोज काळीपिवळी जीपनं यायची. गोडाऊनमध्ये सांडलेलं खाद्य झाडून गोळा करायची आणि मागच्या ओट्यावर सुपात पाखडायची.

एकदा लॅब पुसताना तिनं विचारलं, म्याडम, हे रोज काय शिजवून राहिल्या? मी सांगितलं, यात टरफल किती आहे ते बघते. ती बाहेर गेली, सूप घेऊन आली. त्याच सॅम्पलमधून तिनं मोजून मुठी घेतल्या. चारदा सूप हलवलं, दोनदा झटकलं. टरफल पुढं आलं, दाणा मागं राहिला. पुढचं तिनं मुठीत धरून बघितलं.

"धा मुठीला एक मूठ," म्हणाली.

माझी टेस्ट दुसऱ्या दिवशी दुपारी संपली. आकडा दहाच्या जरासा वर. कौतुकानं मी ते शेठना सांगायला गेले, तर ते म्हणाले, "मग तुम्हाला पगार कामून देऊन राहिलो?" सगळं ऑफिस हसलं. तो आकडा मात्र कुठल्याच रिपोर्टवर गेला नाही, हे तुम्ही ओळखलंच असेल.

त्याच आठवड्यात गयाबाईनं पाणी समजून आम्लाची बाटली उचलली. मी ओरडले म्हणून हात वाचला. तिला बाटलीवरचं नाव वाचता येत नव्हतं. मग मी ठरवलं, हिला अक्षरं शिकवायची. दुपारच्या सुट्टीत रोज अर्धा तास. ती पहिल्याच दिवशी रिपोर्टच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, हे काय लिवलंय? म्हटलं, ही माझी सही.

सही मी मराठीत करते. आमचे बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. बाबासाहेबांचा फोटो समोर ठेवून त्यांनी मला पहिली सही करायला शिकवली, आणि सांगितलं, सही अशी कर की कुणालाही वाचता आली पाहिजे. ज्याला काही लपवायचं नाही त्यानं गिचमिड कशाला करायची? म्हणून माझी सही म्हणजे स्वच्छ अक्षरात पूर्ण नाव, सुमन सोनकांबळे.

गयाबाईनं आयुष्यात वाचलेला पहिला शब्द 'सुमन'. सु, म, न. सोपा ना. आडनाव तिला कधी जमलं नाही, फार लांबलचक वाटायचं. मग ती स्वतःचं नाव शिकली. दोन महिन्यांत पगाराच्या रजिस्टरवर अंगठ्याच्या जागी सही केली. त्या दिवशी तिनं आख्ख्या मिलला पेढे वाटले, रज्जाकभाईंना दोन दिले.

*

नांदेडला एका हॉटेलात सेमिनार होता. शेठ मला घेऊन गेले. बोलायला पुण्याचे एक डॉक्टर, पिल्लांच्या आहारातले मोठे जाणकार. माणूस खरंच चांगलं बोलत होता. म्हणाला, फायबर म्हणजे नुसता कचरा, हे डोक्यातून काढा. कोंबडीला दात नसतात. तिचं दळण पेट्यात होतं. पेटा म्हणजे आपण खाटकाकडून कलेजीबरोबर आणतो तो. त्या पेट्याला व्यायाम लागतो. खाद्यात थोडं, म्हणजे शंभरात तीनेक, जाडसर टरफल असलं तर पेटा मजबूत होतो आणि दाणा नीट पचतो. अगदीच नसलं तर पिल्लं खाली अंथरलेल्या तुसाला चोची मारत बसतात. आणि मग त्यानं तीन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या. थोडं, जाडसर, आणि बाकी काही कमी न करता. मी वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली.

शेठ माझ्या शेजारी पनीर पकोडा खात होते. 'फायबर चांगलं' एवढ्यावर त्यांनी मान वर केली. येताना लोह्याच्या पुढं गाडीत म्हणाले, मॅडम, लातूरच्या डाळमिलवाल्यांकडं तुरीचं टरफल किती पडून असतं हो?

आठवड्यात ट्रक आले. मी वही घेऊन केबिनमध्ये गेले, रेघ मारलेलं दाखवलं. शेठ म्हणाले, "शंभरात तीन चांगलं म्हणले ना डॉक्टर? मग धा लई चांगलं." म्हटलं, त्यांनी मका कमी करायचा नाही असं सांगितलंय. म्हणाले, मग टरफल मावंल कुठं? म्हटलं, आणि टरफल जाडसर पाहिजे. तर म्हणाले, जाडसर दिसतं, बारीक दळून घेऊ.

बारीक दळलं तरी तुरीच्या टरफलाचा लालसर रंग काही लपत नाही. पण शेठनी त्याचीही सोय केली. पिल्लांच्या पोत्यावर नवीन ओळ छापून घेतली, 'आतड्याच्या आरोग्यासाठी भरपूर फायबर'. आणि त्याच्याच खाली जुनी ओळ तशीच, क्रूड फायबर सात टक्क्यांच्या आत. एकाच पोत्यावर दोन्ही. विक्री वाढली!

*

पुढचा किस्सा जाधवांनी स्वतःच चहा पिताना सांगितला होता, आणि वर टाळीसाठी हात पुढं केला होता.

हिमायतनगरच्या एका पोल्ट्रीवाल्याचा फोन आला. पिल्लं दाण्यावर तुटून पडतात, पोटं टम्म होतात, पण अंगाला काही लागत नाही. जाधव गाडी घेऊन गेले. तक्रार आली की जाधवांचं उत्तर ठरलेलं असायचं. पिल्लांनी खाली अंथरलेलं भाताचं तूस खाल्लं, चूक तुमची. त्याप्रमाणं त्यांनी सुरू केलं. त्या माणसानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, साहेब, चार दिसाची पिल्लं हायत. तुसावर अजून पेपर अंथरलेले हायत, बगा की.

जाधवांनी वाकून बघितलं. खरंच, सगळीकडं वर्तमानपत्रं. दुसरा कुणी असता तर गप बसला असता. जाधव म्हणाले, मग पेपर खाल्ला त्यांनी. कागदात पण फायबरच असतं. खोटं वाटत असेल तर आमच्या लॅबच्या मॅडमला विचारा.

आणि तिथूनच मला फोन लावला. स्पीकर चालू केलाय हे मला कुठं माहीत! एवढंच विचारलं, "मॅडम, कागदात फायबर असतं का हो?"

मी टेस्ट करत होते. म्हटलं, "असतं म्हणजे काय, कागद म्हणजे फायबरच की."

त्या माणसानं त्याच दिवशी सगळे पेपर काढून टाकले. जाधवांचा हात टाळीसाठी पुढं होता. मी टाळी दिली. आज आठवलं की तळहात चोळत बसते.

*

मग गयाबाईची पिल्लं आली.

तिच्या गावात बायकांचा बचत गट होता, दहा जणींचा. एका संस्थेनं त्यांना दोनशे गावरान पिल्लं दिली. पहिल्या खेपेची पिल्लं नीट वाढवून दाखवली तर पुढच्या खेपा बाकीच्या नऊ घरांना मिळणार होत्या. पहिली खेप कुणी सांभाळायची? बायका म्हणाल्या, गयाबाईनं. ती कोंबडीच्या खाद्याच्या कारखान्यात हाय, तिला समदं कळतंय. गयाबाईला अध्यक्ष केलं. तिनं घराला लागून पत्र्याचा आडोसा केला, भाताचं तूस पसरलं, बल्ब टांगला. खाद्य आमचंच, नवीन ओळ छापलेल्या पोत्यातलं.

पहिलं पोतं फोडलं त्याच दिवशी दुपारी ती सूप घेऊन लॅबमध्ये आली. सुपात पुढं लालसर ढीग होता.

"म्याडम, ह्यात टरफल लई हाय. घालू का नगं?"

शेठ दारात उभे होते. नसते तरी मी तेच म्हटलं असतं, हे आता कबूल करून टाकते. मी म्हटलं, गयाबाई, पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय, फायबर चांगलं असतं. रिपोर्ट बरोबर आहे.

तिनं एकदा सुपाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "तुमी म्हनता म्हंजे बराबर आसंल," म्हणाली, आणि सूप उलटं करून भिंतीला टेकवलं. ज्या बाईच्या सुपानं माझ्या दीड दिवसाच्या टेस्टला गाठलं होतं, तिनं माझ्या शब्दावर सूप बाजूला ठेवलं. मला तेव्हा बरंसुद्धा वाटलं हो, की विषय मिटला.

तिसऱ्या आठवड्यात ती सांगायला लागली. दिवसभर खातात, हागतात, पण वाढत न्हाईत. पंख खाली सोडून बसतात. मग मरायला लागली, आधी बारकी, मग बाकीची. मी व्हिटॅमिनची बाटली दिली. गूळपाणी दे म्हटलं. दोनशेची साठ राहिली तेव्हा ती एक मेलेलं पिल्लू फडक्यात गुंडाळून घेऊन आली. म्हणाली, फाडून बगा.

मी पेटा कापला. आत लालसर गाळ गच्च भरला होता. गयाबाई माझ्या खांद्यावरून बघत होती. तिला अक्षरं कमी येत असतील, टरफलं सगळी वाचता येत होती.

"तुरीचं हाय," म्हणाली. "माझ्याकडं खाली भाताचं तूस हाय, म्याडम. पिवळं."

ती आवाज चढवणारी बाई नव्हती. तिनं फ्रीजकडं बघितलं. ती बरणी ती दर आठवड्याला पुसायची, आत काय असतं ते तिला पक्कं माहीत होतं. म्हणाली, साठच राहिलीत. बरणीतलं द्या, तीन-चार दिस निघतील, तवर मी कण्या बगते कुठं मिळतात का.

गुरुवारी एक गिऱ्हाईक यायचं होतं. मी म्हटलं, गयाबाई, त्या बरणीला हात लावता येत नाही.

तिनं मान हलवली. माझ्या हातातलं ब्लेड घेतलं, धुतलं आणि जागेवर ठेवलं. पिल्लू फडक्यात गुंडाळून परत घेऊन गेली.

*

आता शेवटचा. हा मी लग्नात-बारशात सांगत नाही.

पिल्लं कशानं मेली ते बघायला संस्थेचे साहेब येणार होते. त्यांनी मिलकडं खाद्याचा रिपोर्ट मागवला. शेठनी मला बोलावलं नाही, व्हॉट्सॲपवर बोललेला मेसेज पाठवला. मॅडम, गयाबाईच्या मालाचा रिपोर्ट देऊन टाका, जाधव घेऊन जातील.

मी बरणी काढली. पूर्ण दीड दिवस घेतला. आम्ल, कॉस्टिक, कापड, भट्टी. एकही पायरी गाळली नाही. चार पूर्णांक आठ. बाबांनी शिकवली होती तशी, स्वच्छ अक्षरात सही केली.

सोमवारी गयाबाई आली नाही. मंगळवारी आली. गोडाऊन झाडलं, मग लॅबमध्ये आली. ओटा ओल्या फडक्यानं पुसायला घेतला. मी नमुने मोजत होते, म्हणजे मोजल्यासारखं करत होते. शेवटी मीच विचारलं, काय झालं?

पुसता पुसताच तिनं सांगितलं. साहेबांनी सगळ्या बायकांना पारावर बसवलं. म्हणाले, खाद्य चांगलं आहे, कागद आहे. निगा राखली नाही म्हणून पिल्लं मेली. पुढच्या खेपा बंद. बायका उठल्या, आणि उठताना एकीनं अध्यक्षाचं रजिस्टर गयाबाईच्या मांडीवरून उचलून घेतलं.

मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हनलं, तुरीचं टरफल हाय त्यात. साहेब म्हनले, कशावरून? म्हनलं, सुपावरून." ती जराशी हसली. "मग त्यानं कागदच दिला माझ्या हातात. म्हनले, वाचता येतं का बाई? म्हनलं, येतं."

ओटा ओला होता. तिनं त्यावर बोटानं हळूहळू अक्षरं काढली, एकेक करून, मी शिकवली होती तशी.

"वरचं काय कळालं न्हाई. पार खाली व्हतं. सु. म. न. समद्यांफुडं मोठ्यानं वाचलं म्या."

मी ओट्याकडं बघत राहिले. पाणी वाळत होतं.

"साहेब म्हनले, वा, बाई शिकलेली हाय. मग आता मान्य हाय म्हून सही करा."

"केली?"

"केली की," गयाबाई म्हणाली. "तुमच्या नावाच्या खालीच."